किकचा मोडका दाता

‘न्यूझीलंडविषयी काही लिहून पाठवा’ असे संपादकांनी कळविले, तेव्हा बर्फाच्छादित शिखरे, मेंढ्यांचे कळप आणि हिरवी कुरणे यांचेच वर्णन वाचकांना अपेक्षित असणार हे मी जाणून होते. परंतु ते वर्णन सहलीच्या पुस्तिकांतून पुष्कळदा येऊन गेले आहे. मी लिहिणार आहे ते एका जुन्या मोटारसायकलच्या किकविषयी. गेल्या शरद ऋतूत माझे तीन रविवार तिच्यापायी खर्ची पडले, आणि ते वाया गेले असे मला मुळीच वाटत नाही.

किक म्हणजे काय, हे आपल्या पिढीला सांगावयास नको. सकाळी चाळीच्या फाटकाशी कोणी गृहस्थ स्कूटर आपल्या अंगाकडे कलती करून उभे आहेत, पुन्हा सरळ करून किकेवर किक मारीत आहेत, कपाळावर घाम आला आहे आणि गॅलरीतून चार मंडळी सल्ले देत आहेत, हे दृश्य मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. तथापि पायाने दाबलेला तो दांडा आत नेमके काय करतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना तो पडला असता आणि उत्तरही ठाऊक असते. मी मात्र आयुष्यभर मुलांना भूगोल शिकविला.

आम्ही राहतो ते डनेडिन शहर दक्षिण बेटावर समुद्रकाठी आहे आणि सगळे टेकड्यांवर वसलेले आहे. जगातील सर्वांत चढाचा रस्ता म्हणून नोंदला गेलेला बॉल्डविन स्ट्रीट इथलाच. २०१९ साली वेल्समधील हार्लेक गावाने तो मान हिरावून घेतला होता. नव्याने मोजणीचा विचार होऊन २०२० साली तो परत डनेडिनकडे आला. आमची गल्ली तितकी भयंकर नाही, पण दळणाचे सामान घेऊन चढताना दोनदा थांबावे लागते. या चढाच्या माथ्यावर आमचे शेजारी राहत असत. वय एकोणऐंशी, पत्नी निवर्तलेली, आणि गॅरेजमध्ये एक ट्रायम्फ मोटारसायकल : १९६६ सालची, ६५० सीसीची, दोन सिलिंडरची. इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळील मेरिडन येथील कारखान्यात ती तयार झाली. तो कारखाना १९८३ साली बंद पडला. गाडी मात्र चालू होती.

चालू होती म्हणजे कशी? शेजारी गाडीवर बसत, दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरीत आणि उतारावर सोडून देत. वेग आला की क्लच सोडावयाचा. चाक इंजिनाला फिरवी आणि गाडी धडधडू लागे. किक मोडून अकरा वर्षे झाली होती. ‘उतार फुकट आहे, मग दुरुस्ती कशाला?’ असे ते म्हणत. दाराशी उतार असलेल्या माणसाला हा हिशेब पटण्यासारखाच होता.

परंतु मार्चमध्ये त्यांचे घर विकले गेले. मुलगी इन्व्हरकार्गिलला राहते. तिच्या घराशेजारच्या लहानशा घरात त्यांनी जावयाचे ठरले. इन्व्हरकार्गिल हे देशाच्या दक्षिण टोकाचे शहर, आणि सपाट म्हणजे अगदी पाटासारखे. तिथे उतार कोठून आणावयाचा? मुलीचे म्हणणे, या वयात गाडी हवीच कशाला. क्राइस्टचर्चहून एक गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन यावयास तयार होते. शेजाऱ्यांनी स्वतःशीच एक अट घातली : सपाट जमिनीवर, कोणाची मदत न घेता, आपल्या पायाने गाडी चालू करता आली तर ती बरोबर न्यावयाची, नाहीतर गिऱ्हाइकाला बोलवावयाचे. सामानाचा ट्रक मेच्या मध्याला येणार होता. एकट्याने काम होईना, म्हणून त्यांनी मला हाताशी बोलाविले. शनिवारी मला जमणार नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून रविवार.

आरंभी त्यांनी मला बाकावर बसवून यंत्र समजावून दिले. शिकविण्याची त्यांची हातोटी पाहून मी चकित झाले. किकचा दांडा गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या एका आसावर बसविलेला असतो. त्याच आसाला आतल्या बाजूने कलिंगडाच्या फोडीसारखा एक लोखंडी तुकडा असतो आणि फोडीच्या गोल कडेवर दाते असतात. आपण दांडा दाबला की हे दाते एका लहान दातेरी चाकात अडकून त्याला फिरवितात. ते चाक गिअरबॉक्सचा मुख्य आस फिरविते, आस क्लचला, क्लच साखळीला आणि साखळी इंजिनाच्या दांड्याला. पायाची ताकद इतक्या हातांतून जाते.

पण खरी मौज पुढे आहे. इंजिन एकदा चालू झाले की ते पायापेक्षा कितीतरी वेगाने फिरू लागते. त्या वेगाने किकचा दांडाही फिरला तर पाय मोडेल. म्हणून त्या लहान चाकाच्या आणि आसाच्या मध्ये रॅचेट असते : करवतीसारखे दाते असलेल्या दोन चकत्या, समोरासमोर, मागून एका बारीक स्प्रिंगने एकमेकींवर टेकविलेल्या. करवतीच्या दात्याची एक बाजू उभी आणि दुसरी उतरती. पायाने फिरविले की उभ्या बाजू एकमेकींना भिडतात व जोर पुढे जातो. इंजिन पुढे धावू लागले की उतरत्या बाजू घसरतात आणि पाय मोकळा राहतो. सायकलचे पायडल उलटे फिरविले की मागच्या चाकात टिकटिक होते ना, तेच हे. विहिरीच्या रहाटाला भरली बादली उलटी जाऊ नये म्हणून खिट्टी असते, तिचेही तत्त्व हेच.

किक निकामी होते तेव्हा दोष कोठे आहे हे प्रथम ओळखावे लागते. दांडा मऊपणे, आवाज न करता खाली जातो आणि इंजिन फिरत नाही, तर बहुधा क्लच घसरतो आहे. त्याच्या चकत्या तेलकट झाल्या असतील किंवा स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील. दांडा मध्येच कर्रकन सुटून खाली आदळतो, तर दाते गेले. दांडा खाली जाऊन वर येतच नाही, तर परतीची स्प्रिंग तुटली. आमच्या शेजाऱ्यांनी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून पुढे ढकलली. इंजिनाने आत अडून चांगला विरोध केला. म्हणजे क्लच धड होता. दांडा दाबला तर कर्रकन सुटे. दाते.

पहिला रविवार केवळ उघडण्यात गेला. आधी गिअरबॉक्सचे तेल काढावयाचे. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवारतेली म्हणत, हे मी पूर्वी कधीतरी त्यांना सांगितले होते. ते त्यांनी नेमके लक्षात ठेवले होते. तेल काढण्याचे काम हक्काने माझ्याकडे आले. काळे, दाट तेल एका पसरट भांड्यात धरले आणि ‘ते फेकू नका’ अशी ताकीद मिळाली. तिचे कारण पुढे कळले.

मग पाने. जावयाच्या पेटीतले चकचकीत मिलिमीटरचे पाने मी घेऊन गेले होते. एक पाना नटावर बसलासा वाटला. जोर देताच तो घसरला आणि नटाचे कोपरे थोडे झिजले. शेजारी रागावले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा जुना संच काढला. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या बोल्टांची मापे निराळी. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे जे प्रमाण ठरविले, त्या पद्धतीच्या पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, तर आतल्या बोल्टाच्या जाडीचा असतो. हे ज्याला माहीत नाही तो ‘हा आकडा चुकीचा आहे’ म्हणून पाना ठेवून देतो. शाळेत मोजमापांच्या पद्धती शिकविताना हे उदाहरण मला मिळाले असते तर फार बरे झाले असते.

किकचा दांडा आसावर एका तिरप्या सपाटीच्या खिळीने, म्हणजे कॉटर पिनीने, पक्का केलेला असतो. ती ठोकून काढावी लागते. पण खालून जड लोखंडाचा आधार दिल्यावाचून ठोकली तर आसच वाकतो. मी आधार धरून बसले आणि त्यांनी हातोडीचे सहा-सात घाव घातले. सातव्याला पिन सुटली, आणि माझा श्वासही.

दुसऱ्या रविवारी आवरण निघाले. फोडीच्या कडेवरचा पहिलाच दाता अर्धा तुटलेला होता. दांडा दाबताना प्रथम चाकाशी गाठ पडते ती त्याची, म्हणून सगळ्यांत अधिक मार त्यालाच बसतो. आतली रॅचेट काढण्यासाठी तिचा नट सोडावयाचा. त्याखालची मुडपलेली चकती आधी सरळ करावी लागते. नट फिरविला की आसही फिरतो. म्हणून गाडी चौथ्या गिअरमध्ये घातली आणि मागचा ब्रेक दाबून मी बसले. रॅचेटच्या दात्यांच्या उभ्या कडा झिजून गोल झालेल्या होत्या.

आता तो तुटलेला अर्धा दाता कोठे? शेजाऱ्यांचा चेहरा इथे प्रथम गंभीर झाला. कठीण पोलादाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा गिअरच्या दोन चाकांत सापडला तर सारी गिअरबॉक्स फुटू शकते. अकरा वर्षे तो आत होता आणि तसे झाले नाही, हे नशीबच. आम्ही तळ चाचपला, कोपरे पुसले. काही नाही. मग त्यांनी मागच्या रविवारचे तेल मागितले. चिंधीत गुंडाळलेले लोहचुंबक मी त्या तेलातून हळूहळू फिरविले. पहिल्या फेरीत नुसता काळा गाळ आला. तिसऱ्या फेरीत एक तुकडा लागला. तुटलेल्या दात्याशी लावून पाहिला तर निम्मीच जागा भरली. उरलेला निम्मा पाऊण तासाने आवरणाच्या आतल्या खोबणीत मिळाला. दोन्ही तुकडे दात्यावर जुळवून पाहीपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही.

तुटक्या जागी वेल्डिंगने धातू भरून कानसीने नवा दाता घडवावा, असे मी सुचविले. ते हसले. त्यांच्या वडिलांच्या काळी तसेच करीत. न्यूझीलंड सरकारने १९३८ च्या अखेरीस आयातीवर परवाने लादले आणि ते पुढे अनेक दशके टिकले. परदेशी सुटा भाग मिळणे दुरापास्त, तेव्हा असेल त्यातून घडविणे हा इथला राष्ट्रीय स्वभावच बनला. कुंपणाच्या आठ नंबरी तारेवरून त्या स्वभावाला नावही पडले आहे : हाताशी तार असली की काहीही दुरुस्त होते, असा अभिमान. आपल्याकडच्या मिस्त्रींना हा अभिमान नवा नाही. परंतु दात्याची फक्त वरची कातडी कठीण केलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने ती मऊ पडते, आणि मऊ दाता चार महिने टिकतो. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आता इंग्लंडात या गाड्यांचे भाग पुन्हा तयार होतात. त्यांनी दातेरी फोड आणि रॅचेटच्या दोन्ही चकत्या मागविल्या. चकत्या जोडीनेच बदलावयाच्या. जुनीवर नवी बसविली तर जुनी नवीला खाते.

टपाल यावयास तीन आठवडे लागले. त्या अवधीत आमच्या गप्पा इन्व्हरकार्गिलवर येत. तिथल्या ई. हेज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानाचे त्यांना मोठे कौतुक. या घराण्याचे मूळ पुरुष अर्नेस्ट हेज यांचा कारखाना मध्य ओटागोतील ओटुरेहुआ या गावी होता. आज तो राष्ट्रीय वारसा म्हणून जपलेला आहे. कुंपणाची तार ताणण्याचे साधन त्यांनी तयार केले. दांडा हलविला की ते साखळीवर एकेक पाऊल पुढे सरकते आणि मिळविलेले अंतर सोडत नाही. ‘आपल्या रॅचेटचेच भावंड’ असे शेजारी म्हणाले. अर्नेस्ट यांच्या पत्नी हॅना सायकलवरून शेतोशेत हिंडून मालाची मागणी गोळा करीत, ही हकीकत मात्र मला साधनापेक्षाही अधिक आवडली. त्या मुलखातले वारे आणि खडीचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तिचे मोल कळेल.

याच दुकानात बर्ट मन्रो यांची मोटारसायकल ठेवलेली आहे. मन्रो हे १८९९ साली जन्मलेले साउथलंडचे गृहस्थ. १९२० साली त्यांनी ‘इंडियन स्काउट’ घेतली. हे ‘इंडियन’ अमेरिकेतील कारखान्याचे नाव, आपला त्याच्याशी संबंध नाही. मूळची गाडी ताशी पंचावन्न मैलांच्या आसपास धावे. मन्रो यांनी आपल्या शेडमध्ये जुन्या डब्यांत धातू ओतून पिस्टन घडविले, ट्रॅक्टरच्या आसातून कनेक्टिंग रॉड कोरून काढले आणि माप घेण्यासाठी चाकाची तार वापरली. १९६७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यांनी हजार सीसीखालील गटात विक्रम केला. त्या नोंदीतील हिशेबाची चूक त्यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, २०१४ साली, दुरुस्त होऊन आकडा ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर, असा झाला. त्यांच्यावर २००५ साली निघालेला चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. ‘पण त्यांनाही गाडी ढकलूनच चालू करावी लागे,’ शेजारी म्हणाले, ‘आणि ढकलायला माणसे असत.’

भाग आले, आणि तिसऱ्या रविवारी ते लगेच बसवावयास निघाले. तेव्हा मी सहज एक प्रश्न विचारला. वर्गात मुलाने गणित चुकविले की मी उत्तर खोडण्यापूर्वी चूक कोठून आली हे विचारीत असे. त्याच सवयीने विचारले, की हा दाता मुळात मोडला कसा? ते थांबले. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी गाडीने पायाला उलटा झटका दिला होता. घोटा आठवडाभर सुजलेला होता. दुसऱ्या दिवशी किक मारली आणि दांडा सुटला. त्यांनी घोट्याला दोष दिला, दात्याला दोष दिला, आणि उतार धरला.

उलटा झटका बसतो तो ठिणगी फार लवकर पडल्यामुळे. पिस्टन वर येत असतानाच पेट्रोलचा स्फोट झाला तर पिस्टन मागे ढकलला जातो, इंजिन उलटे फिरते. उलट्या दिशेला रॅचेट घसरत नाही, घट्ट धरते, आणि सारा धक्का दात्यातून पायावर येतो. वेगात ठिणगी लवकर पडलेली हवी असते, आरंभी मात्र उशिरा. म्हणून या गाडीत दोन लहान वजने असतात, ती इंजिनाच्या वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन ठिणगीची वेळ आपोआप पुढे आणतात आणि इंजिन थांबले की स्प्रिंगांनी परत येतात. आम्ही झाकण काढले. वजने बाहेरच्या बाजूला, वाळलेल्या ग्रीजमध्ये रुतून बसलेली. बोटाने ढकलली तरी परत येईनात.

म्हणजे अकरा वर्षे ठिणगी लवकरच पडत होती. उतारावरून येणाऱ्या गाडीचा जोर त्या उलट्या धक्क्यावर सहज मात करी, म्हणून दोष कधी जाणवला नाही. नवे दाते बसवून सपाट जमिनीवर पहिली किक मारली असती, तर एकोणऐंशी वर्षांच्या गुडघ्याचे काय झाले असते हे आम्ही दोघेही बोललो नाही. त्यांनी रॉकेलने वजने धुतली, पातळ तेलाचा एकेक थेंब सोडला आणि ती टिचकीसरशी मागे येतात हे दहा वेळा पाहिले. नंतर ठिणगीची वेळही नव्याने लावली.

बसविणे त्या मानाने सोपे. परतीची स्प्रिंग मात्र खट्याळ. तिला पीळ देऊन टोक अडकविताना ती निसटली आणि माझ्या अंगठ्याचे साल गेले. आवरण लावताना दांडा किंचित दाबून धरावा लागतो, नाहीतर फोडीचे दाते चाकावर टेकून राहतात. नवे तेल भरले. ब्रेक दाबून बसण्याचे काम पुन्हा माझ्याकडेच होते.

गाडी त्यांनी गल्लीत नेली नाही. गॅरेजच्या सपाट फरशीवर ठेवली, न्यूट्रल पाहिला, पेट्रोलचा नळ उघडला, कार्बुरेटरचे बटण थेंब बाहेर येईपर्यंत दाबले. दांडा हळूच खाली नेऊन विरोध लागेपर्यंत आणला, आणि अंगाचे वजन टाकले. काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. पण झटकाही नाही. मी हात पुढे केला, तो त्यांनी मानेनेच नाकारला. चौथ्या किकेला एक सिलिंडर बोलला, मग दुसरा. गॅरेज निळ्या धुराने भरले. त्यांनी गाडी बंद केली, पाच मिनिटे थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून चालू केली. दुसऱ्या वेळी दोन किका लागल्या. मग आत जाऊन त्यांनी क्राइस्टचर्चला फोन केला.

मेमध्ये ट्रक आला, गाडी दोरखंडांनी बांधून सर्वांत शेवटी चढविली. जूनमध्ये त्यांचे पत्र आले. तिथे थंडी फार, सकाळी तीन किका लागतात, दुपारी एक. क्लचची तार थोडी ताणावी लागली. मुलगी अजून बोलत नाही, पण गाडीचा आवाज आला की खिडकीत येते. शेवटी विचारले होते, जुनी फोड फेकली तर नाही ना? ती माझ्या टेबलावर आहे, दोन्ही तुकड्यांसकट, चहाच्या रिकाम्या डब्यात.